बंद पडलेली झेन कंपाउंडमधून हलवायची आहे. कशी, कुठे, कितीला?

पार्ल्याची_पोर:
नमस्कार मंडळी. बाबांची १९९९ ची झेन आहे, पेट्रोल, नंबर एमएच-०२. कैक वर्षं सोसायटीच्या कोपऱ्यात उभी आहे. सेल्फ मारला तर साधा आवाजसुद्धा येत नाही, चारही टायर बसलेत, वायरिंग उंदरांनी खाल्लंय, डिकीखालचा पत्रा सडलाय. आता बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जातेय. जागा रिकामी करायची तारीख ठरली आहे आणि बिल्डरच्या माणसाने सांगितलंय की कंपाउंडमध्ये जे उरेल त्याची जबाबदारी आमची.
नाक्यावरचा भंगारवाला येताजाता विचारतो, "ताई, कधी उचलू?" रोख देतो म्हणतो. वर म्हणतो, "पेपरची काय गरज नाय." आई म्हणते देऊन टाक. माझं मन मात्र त्या "गरज नाय"वरच अडलंय.
बाबा २०१९ मध्ये गेले. आरसी अजून त्यांच्याच नावावर, ते जुनं छापील पुस्तक. इन्शुरन्स संपून युगं लोटली. यातून सुटायचं कसं?

दादरचा_पोपट:
पेपरची गरज नाही म्हणणाऱ्याला पत्रा हवाय की नंबर, एवढं आधी विचारून घ्या.

कुर्ला_फास्ट:
पोपटराव, सगळेच भंगारवाले चोर नसतात हो. आमच्याकडे सीएसटी रोडला पिढ्यान्‌पिढ्या गाड्या सुट्या करण्याचा धंदा चालतो. दरवाजा, गिअरबॉक्स, काच, स्टीअरिंग, काय म्हणाल ते मिळतं. अर्ध्या मुंबईच्या जुन्या गाड्या त्याच जिवावर चालल्या. पण ताई, तुमच्या नाक्यावरचा माणूस गाडी कापून पत्रा विकणार. तुमच्या बाबांचं नाव आरटीओच्या रेकॉर्डमधून काढायला तो जाणार नाही, ते त्याचं कामही नाही. धंदा प्रामाणिक असला तरी तुमचा प्रश्न तिथेच राहतो.

मुलुंड_पूर्व:
मी अगदी हाच प्रश्न घेऊन बसलो होतो, म्हणून जरा लांब लिहितो.
आमची मारुती ८०० एका ओळखीच्या माणसाला "कटिंगला" दिली होती. पावती नाही, काही नाही. पुढे बऱ्याच काळाने माझ्या मोबाइलवर ई-चलान आलं, सिग्नल तोडल्याचं. फोटो उघडून बघतो तर नंबर आमचा आणि गाडी भलतीच, रंगसुद्धा वेगळा. गाडी कापलेली असेल, नसेल, नंबर मात्र कुणाच्या तरी बंपरवर मजेत फिरत होता. पोलिसांना लेखी दिलं, चलान रद्द करून घेतलं. पण "गाडी माझ्याकडे नाही" हे सिद्ध करायला हातात कागदच नव्हता, त्यामुळे जो काही मनस्ताप झाला तो विचारू नका. नशीब की सिग्नलवर भागलं. कुणाला उडवून पळाला असता तर?

पार्ल्याची_पोर:
बाप रे. आईला हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. भंगारवाल्याचा विषय संपला आमच्याकडे.

काळाकोट:
कायद्यापुरतं सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५५. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचं आणि आरसी जमा करायची. मग नोंदणी रद्द होते. बहुतेकांना हे कलम माहीतच नसतं. आपण गाडी विकल्यासारखी भंगारात देतो आणि सुटलो असं समजतो. आरटीओच्या लेखी ती गाडी जिवंत असते आणि मालक तुम्हीच असता.
पूर्वी चेसिस नंबरचा तुकडा कापून आरटीओत दाखवायचा, अर्ज द्यायचा, अशी पद्धत होती. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने वाहन स्क्रॅपिंगचे स्वतंत्र नियम काढले. आता गाडी मोडायची ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच. आरव्हीएसएफ म्हणतात त्याला.

गिअरबॉक्स_लालबाग:
वकीलसाहेबांनी कलम सांगितलं, मी हातातलं सांगतो. तीस वर्षं गॅरेज चालवतोय.
त्या केंद्रात गाडी गेली की काय होतं? आधी नंबर टाकून बघतात, गाडी चोरीची आहे का, लोन चढलेलं आहे का, दंड बाकी आहे का, पोलीस केसमध्ये अडकली आहे का. यातलं काही निघालं तर गाडी घेत नाहीत. सगळं साफ असेल तर गाडी ताब्यात घेऊन "सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट" देतात. पुढे पेट्रोल, ऑइल, कूलंट, बॅटरी, एसीचा गॅस हे वेगवेगळं काढतात आणि मग बॉडी मोडतात. चेसिस नंबरचा तुकडा कापून सहा महिने सांभाळून ठेवायचा असा नियम आहे त्यांना. शेवटी "सर्टिफिकेट ऑफ व्हेईकल स्क्रॅपिंग" येतं. हा दुसरा कागद हातात पडेपर्यंत सुटलो म्हणायचं नाही. लोक पहिल्या कागदावरच खूश होऊन घरी जातात.
आणि गाडी न्यायच्या आधी डॅशबोर्ड, सीटखाली, डिकीच्या कार्पेटखाली बघून घ्या. एका गिऱ्हाइकाच्या गाडीत लॉकरची चावी निघाली होती.

बदाम_सत्ती:
आमच्या गाडीत सापडली असती तर लॉकर पण भंगारात निघाला असता.

पार्ल्याची_पोर:
😀 गिअरबॉक्स काका, धन्यवाद. पण माझी खरी अडचण नावाची आहे. नोंदणी २०१४ लाच संपली, तेव्हा बाबांनी नूतनीकरण केलंच नाही. मी एका एजंटला विचारलं. तो म्हणाला, आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करा. त्यासाठी नोंदणी चालू हवी. नोंदणी चालू करायची तर फॉर्म २५ भरून गाडी तपासणीला न्या. आता ही गाडी तपासणीला न्यायची म्हणजे खांद्यावरून?
शिवाय खर्च ऐकून चक्कर आली.

मुलुंड_पूर्व:
खर्चाचं खरं आहे. एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० केलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांना १०,००० केलं. उशिराचे महिन्याला ५०० वेगळे. वरून आपला राज्याचा पर्यावरण कर. मोडायच्या गाडीसाठी एवढं भरणं म्हणजे मढ्याला टोपी शिवण्यातला प्रकार. एजंटचा सल्ला अजिबात ऐकू नका.

काळाकोट:
एजंटने सांगितलेला रस्ता चालवायच्या गाडीचा आहे. तुम्हाला गाडी चालवायची नाही, संपवायची आहे. स्क्रॅपिंग केंद्राला थेट फोन करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की मालक हयात नाहीत. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, बाकी वारसांची ना-हरकत, ज्याच्या खात्यात पैसे जाणार त्याचं ओळखपत्र आणि रद्द केलेला चेक, एवढं तयार ठेवा. केंद्राने तरी आरटीओकडे बोट दाखवलं तर वेळ न घालवता आरटीओत जाऊन अधिकाऱ्याला लेखी विचारा. तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका.
एक सूचना. प्रतिज्ञापत्रात चेसिस आणि इंजिन नंबर लिहा. जुन्या पुस्तकातला आकडा आणि गाडीवरचा आकडा जुळवून घ्या. गंजामुळे आठाचा तीन वाचला जातो आणि मग कागद परत येतात.

मीरा_माहीम:
ताई, आरसी पुस्तक आहे हे तुमचं भाग्य. आमचं हरवलं होतं. मुंबई पोलिसांच्या साइटवर हरवल्याची ऑनलाइन तक्रार होते, तिची प्रिंट लागते, तेवढीच एक भर.
आणि आधी परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून बघा की रेकॉर्ड निघतं का. जुन्या पुस्तकवाल्या गाड्यांच्या नोंदी कधी कधी ऑनलाइन चढलेल्याच नसतात. तसं असेल तर आधी आरटीओत ते काम. लोनही बघा. बाबांनी हप्ते फेडले असतील, पण बँकेचा बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखला द्यावा लागतो, तो कित्येकांनी दिलेलाच नसतो. आमच्या गाडीवर ज्या बँकेचा बोजा निघाला ती बँक केव्हाच दुसरीत विलीन झालेली.

पार्ल्याची_पोर:
मीराताई, बघितलं. रेकॉर्ड आहे, बोजा नाही. हुश्श.

सोसायटीचा_गुलाम:
जरा माझाही प्रश्न घुसवतो. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी (स्वेच्छेने नव्हे). आमच्या कंपाउंडात एक सँट्रो आहे. मालक फ्लॅट विकून गेले, गाडी विसरले. नव्या मालकाला पार्किंग हवं. खाली पाणी साचतं, महापालिकेच्या डासवाल्यांनी टायरमध्ये अळ्या सापडल्या म्हणून आम्हालाच नोटीस दिली. महापालिका बेवारस गाड्या उचलते ना? मग ही का उचलत नाही?

काळाकोट:
कारण ती रस्त्यावर नाही. महापालिका आणि वाहतूक पोलीस सार्वजनिक जागेवरच्या गाडीला नोटीस चिकटवतात आणि मुदतीत कुणी आलं नाही तर उचलतात. तुमचं कंपाउंड खासगी. गाडी दुसऱ्याची मालमत्ता आहे, सोसायटीने परस्पर भंगारात दिली तर उद्या तो माणूस येऊन उभा राहील. मालकाला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवा, पोचपावती जपा, पोलीस ठाण्यात लेखी कळवा. पत्ता बदलला असेल तर फ्लॅटच्या विक्री करारातला पत्ता वापरा. बहुतेक वेळा माणूस सापडतो आणि "न्या हो, मला नको" म्हणतो. ते त्याच्याकडून लेखी घ्या, सही आणि आरसीसकट.
आणि कृपा करून रात्रीतून ढकलून बाहेरच्या रस्त्यावर ठेवू नका. बऱ्याच सोसायट्या हेच करतात, आणि सीसीटीव्हीत ढकलणाऱ्यांचे चेहरे दिसतात.

सोसायटीचा_गुलाम:
तुम्ही आमच्या मीटिंगला होता का काय?

फियाटप्रेमी_गिरगाव:
सगळ्यांनी मोडामोडीचाच विषय लावून धरलाय म्हणून दोन शब्द. झेनसाठी नाही, पण ज्यांच्याकडे खरोखर जुनी गाडी आहे त्यांनी कापायच्या आधी थांबा. आमच्या घरी १९७२ ची फियाट आहे. ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी "व्हिंटेज" म्हणून नोंदवता येते, २०२१ पासून नियम आहे. नोंदणीचं शुल्क २०,००० आणि नंबरात व्हीए अक्षरं येतात. मात्र ती रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यापुरतीच.
आपल्या शहराने प्रीमिअर पद्मिनी कशी गमावली बघा. कुर्ल्यात बनायची ती गाडी. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३ संपता संपता काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. हजारोंनी होत्या, किती जपल्या?

दादरचा_पोपट:
फियाटप्रेमी, गिरगावात स्वतःला उभं राहायला जागा नाही, तुम्ही ती फियाट ठेवता कुठे?

फियाटप्रेमी_गिरगाव:
सासुरवाडीला, पेणला. त्यामुळे सासूबाईंशी संबंध कसे आहेत ते विचारू नका.

घाटकोपर_ईस्ट:
पण १५ वर्षं झाली की गाडी भंगारात द्यायलाच लागते ना? सरकारच उचलून नेतं ना?

मुलुंड_पूर्व:
नाही! हे व्हॉट्सॅपवरचं दिल्लीचं शेपूट आहे. १० वर्षांवरचं डिझेल आणि १५ वर्षांवरचं पेट्रोल, हा बंदीचा विषय दिल्ली-एनसीआरचा, न्यायालयाच्या आदेशातून आलेला. मुंबईत खासगी गाडी १५ वर्षांनी तपासणीत पास झाली तर पुढे पाच-पाच वर्षं चालवता येते. १५ वर्षांवर नूतनीकरण बंद झालंय ते सरकारी गाड्यांचं, एप्रिल २०२३ पासून. हे कायम लक्षात ठेवा, कारण घाबरवून चालती गाडी कवडीमोलाने उचलणारे बरेच आहेत.

कुर्ला_फास्ट:
+१. चालत्या गाडीला आमच्याकडेही वेगळा भाव असतो, हे सांगायला कुणी येत नाही.

पार्ल्याची_पोर:
बरं, आता पैशाचं सांगा. अपेक्षा काय ठेवू?

गिअरबॉक्स_लालबाग:
फार ठेवू नका. केंद्रवाले वजनावर बोलतात. झेन सातशे-साडेसातशे किलोची गाडी, त्यातून टायर, काच, सीट, प्लास्टिक वजा करणारे करतात, आणि किलोचा भाव लोखंडाच्या बाजारावर हलतो. उचलायचा खर्च कापतात की नाही ते आधी विचारा, सगळा खेळ तिथे आहे. दोन-तीन ठिकाणी विचारा आणि लेखी आकडा मागा.
एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपातला, धूर साफ करणारा डबा) सक्तीचा झाला, म्हणजे तुमच्या झेनला तो असणार. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, थोडं, पण असतं. नाक्यावरचा माणूस तो सायलेन्सरच्या भावात धरतो आणि पुढे वेगळा विकतो. तुमच्या गाडीखाली तो अजून आहे का तेही बघा. मधे कुठल्या गॅरेजात गाडी राहिली असेल तर गेलेला असू शकतो. गॅरेजवाला म्हणून सांगतोय, वाईट वाटून घेऊ नका 🙏

मुलुंड_पूर्व:
नवी गाडी घेणार असाल तर खरा फायदा भंगाराच्या पैशात नाही, त्या डिपॉझिटच्या सर्टिफिकेटात आहे. ते दाखवलं की नव्या गाडीचं नोंदणी शुल्क माफ, आणि मोटार वाहन करात सूट. केंद्र सरकारने खासगी गाड्यांना २५ टक्क्यांपर्यंत म्हटलंय, प्रत्यक्ष किती द्यायची ते राज्य ठरवतं, आणि आपल्याकडे त्यापेक्षा कमी आहे. गाडी बुक करायच्या दिवशी चालू आकडा आरटीओतून घ्या, शोरूमवाल्याच्या तोंडावर जाऊ नका. कंपन्यांनीही २०२४ मध्ये वर्षभरासाठी थोडी सवलत जाहीर केली होती, किमतीच्या दीड टक्का किंवा २०,००० यातलं जे कमी ते. सर्टिफिकेटला मुदत असते, ती त्यावरच लिहिलेली असते. तुम्हाला गाडी घ्यायची नसेल तर ते दुसऱ्याच्या नावावर करता येतं.
जाता जाता, इन्शुरन्स चालू असलेल्यांसाठी: गाडी मोडायच्या आधी कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घ्या, तीन वर्षं चालतं. ताईंच्या कामाचं नाही, पण वाचणाऱ्यांत कुणाच्या तरी उपयोगी पडेल. फास्टॅगही बंद करा, नाहीतर डिपॉझिट त्यातच अडकून पडतं.

बदाम_सत्ती:
आमच्या एका मित्राने बंद गाडी आयटीआयला दिली होती, पोरांना इंजिन खोलून शिकवायला. मला ती कल्पना भंगारापेक्षा आवडली.

काळाकोट:
छान आहे, द्यावीच. फक्त नोंदणी रद्द करून द्या.

मीरा_माहीम:
ताई, झालं का काही? तारीख जवळ आली असेल ना.

पार्ल्याची_पोर:
झालं! सविस्तर लिहिते.
पोर्टलवरच्या यादीतून केंद्रं काढून फोन केले. एकाने मालक हयात नाहीत म्हटल्यावर फोनच ठेवला. दुसऱ्याने शांतपणे ऐकून कागदांची यादी पाठवली, काळाकोट यांनी सांगितली होती जवळपास तीच. नोटरीकडे प्रतिज्ञापत्र केलं, दादाने पुण्याहून ना-हरकत पाठवली, पैसे आईच्या खात्यात घ्यायचे ठरले. चेसिस नंबर वाचायला टॉर्च आणि रॉकेलचा बोळा घेऊन बसले होते. गंमत म्हणजे आठ-तीनचाच घोळ होता, आणि पुस्तक बरोबर होतं.
सर्वात जास्त वेळ गाडी बाहेर काढायला लागला. हँडब्रेक जाम, मागची चाकं फिरायला तयार नाहीत. साधं टोचन लावून ओढलं असतं तर मागचा भागच हातात आला असता, असं ड्रायव्हर म्हणाला. त्यात गल्लीत दोन्ही बाजूला पार्किंग, मोठा ट्रक आत येईना. शेवटी मागच्या चाकांखाली छोट्या ट्रॉल्या सरकवल्या, वॉचमन, दूधवाला आणि समोरच्या बिल्डिंगमधले दोन काका असे सगळे लागले, नाक्यापर्यंत ढकलली, आणि तिथे फ्लॅटबेडवर चढवली. हे सगळं सकाळी सातच्या आत. ज्यांना करायचंय त्यांनी रविवार निवडा. (ढकलणाऱ्यांत नाक्यावरचा भंगारवालाही होता. गाडी मिळाली नाही तरी आला. त्याला घरातले पंखे, गीझर आणि जुनी कपाटं दिली.)
गाडी न्यायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढले, चेसिस नंबरचा वेगळा, आणि ड्रायव्हरकडून गाडी ताब्यात घेतल्याची सही-तारखेची पोच घेतली. डिपॉझिटचं सर्टिफिकेट आलं, पैसेही जमा झाले. स्क्रॅपिंगचं दुसरं सर्टिफिकेट यायला मधे बरेच दिवस गेले, मी दर सोमवारी फोन करून त्यांचं डोकं खाल्लं. ते आल्यावर पोर्टलवर नंबर टाकून बघितला आणि नोंदणी रद्द दिसल्यावरच फाइल बंद केली.
भंगारवाला जेवढे देणार होता त्यापेक्षा थोडे कमीच मिळाले, उचलायचा खर्च कापून. आई अजून त्यावरून बोलते.

मुलुंड_पूर्व:
आईंना माझं ई-चलान दाखवा, फोटोसकट पाठवतो.

गिअरबॉक्स_लालबाग:
शाब्बास. कन्व्हर्टर होता का?

पार्ल्याची_पोर:
काका, नव्हता. तिथे साधा पाइप वेल्ड केलेला निघाला. कुणी, कधी, देव जाणे.

गिअरबॉक्स_लालबाग:
देव पण जाणतो आणि आम्ही पण जाणतो.

अलिबागचा_पाहुणा:
उशिरा आलो. माझ्याकडे चेतक स्कूटर आहे, बंद, काकांच्या नावावर, काका हयात आहेत. दुचाकीलाही हेच सगळं का?

काळाकोट:
हो, कलम तेच, केंद्रंही तीच. फक्त केंद्र दुचाकी घेतं का ते आधी विचारा, आणि काका आहेत तोवर त्यांच्या सहीनेच करून टाका.